उघडणावळ

आमच्या शेजारच्या घड्याळजींच्या दुकानात काचेवर एक पाटी होती. ‘घड्याळ उघडून बघण्याचे पैसे वेगळे पडतील.’ बस, एवढीच ओळ. पण या ओळीवरून गेल्या चाळीस वर्षांत जेवढी भांडणं झाली, तेवढी आमच्या गल्लीत पाणी, गाड्या लावायची जागा आणि सासवा-सुना या तिन्ही विषयांवरून मिळून झाली नसतील. खात्रीने सांगते, कारण मी इथे आल्यापासूनचं एकही भांडण चुकवलेलं नाही. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी बरोब्बर त्यांच्या दुकानाच्या दारासमोर उघडते. घर घेताना मी दुसरं काही बघितलंच नव्हतं.

गिऱ्हाईक यायचं, मनगटावरचं घड्याळ काढून द्यायचं. घड्याळजी डोळ्याला भिंग लावणार, मागचं झाकण काढणार आणि आत बघत बसणार. पाच मिनिटं, दहा मिनिटं. चेहरा असा, की विहिरीत वाकून बघतायत आणि तळाशी कोणीतरी ओळखीचं दिसतंय. मग झाकण लावून म्हणणार, “बिघाड काही नाही. सेल बदला.” आणि सेलच्या पैशांबरोबर बघण्याचे पैसेही मागणार.

“अहो, पण तुम्ही केलंत काय? नुसतं बघितलंत!”

“मग? न बघता सांगितलं असतं तर फुकट होतं.”

सोनाराची घडणावळ असते, तशी ही यांची उघडणावळ. हा शब्द मी पाडलेला आहे. स्वतःची टिमकी स्वतः वाजवली नाही तर दुसरं कोण वाजवणार? त्यांचं ‘सेकंदराव’ हे नावही माझंच. तोंडावर अर्थात ‘भाऊ’. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, दोन्ही माहीत आहेत. त्या गालात हसतात, त्यामुळे माझा निम्मा गुन्हा त्यांच्या खात्यावर.

दुकानाच्या भिंतीवर सतरा घड्याळं होती. दुपारी बारा वाजले की सतराही एकदम ठोके द्यायची. एकदम म्हणजे एकदम. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. नवीन गिऱ्हाईक दचकून हातातली पिशवी टाकायचं. सेकंदराव मात्र त्या वेळी काम थांबवून, मान किंचित तिरकी करून उभे राहायचे. मी खिडकीतून हसायचे खरी, पण खोटं कशाला बोलू, बाराव्या ठोक्यानंतर जी शांतता पडायची तिने माझ्याही हातातला चमचा थांबायचा.

कोणाच्याही घरी गेले की हे आधी भिंतीकडे बघणार, मग माणसांकडे. माझ्या सासऱ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात भेटायला आले. सासरे क्षीण आवाजात म्हणाले, “या.” हे भिंतीकडे बघत म्हणाले, “नऊ मिनिटं राहिलीत.” घड्याळ मागे होतं हो! सासऱ्यांनी मात्र मुलांना जवळ बोलावून घेतलं होतं.

त्यांचं एकच दुःख होतं. “शेजारीणबाई,” मला ते असंच म्हणतात, “शेकडो घरांत गेलो. एका घरातली दोन घड्याळं कधी जुळलेली बघितली नाहीत. बैठकीतलं एक सांगतं, स्वयंपाकघरातलं भलतंच. माणसं राहतात तरी कशी?”

“मजेत राहतात,” मी म्हणायचे. “उशीर झाला की ज्याला त्याला आपापलं घड्याळ दाखवता येतं.”

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एक दिवस त्यांच्या चिमट्यातून एक स्क्रू पडला.

स्क्रू म्हणजे केवढा? खसखशीचा दाणा मोठा वाटावा एवढा. सापडलाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पडला, आणि महिन्याभराने कपडे वाळत घालताना वहिनींनी दोरीपलीकडून सांगितलं की यांचा उजवा हात थरथरतो, डॉक्टर म्हणाले थांबणार नाही, वाढेल. “कोणाला बोलू नका हं ताई. गिऱ्हाईक तुटेल.” माझ्या पोटात गोष्ट राहत नाही अशी माझी ख्याती आहे. ही राहिली. वर्षभर राहिली. आमच्या यांनासुद्धा सांगितली नाही, मग काय ते समजा.

दोघांना मूलबाळ नाही, पेन्शन नाही. हात चालतील तोवर चूल चालेल, असा हिशेब. तेव्हा ठरलं ते असं: दुकान विकायचं, आयुष्यभराची शिल्लक त्यात घालायची, आणि भाड्याने दिलेली एखादी जागा विकत घ्यायची. दर महिन्याला भाडं येईल, त्यात दोन जीव सुखाने राहतील. दुकान शेजारच्या मोबाइलवाल्याने लगेच घेतलं. पैसे बँकेत आले. सगळे, एकाच खात्यात. चुकले तर पुन्हा मिळवायला हात उरले नव्हते.

आता पुढच्या भागात माझा हात आहे, म्हणून जरा खालच्या आवाजात सांगते.

भाऊ जागा घेतायत ही बातमी फुटली मात्र, आणि अख्खी गल्ली सल्ला द्यायला लोटली. न्हावी म्हणाला दुकानाचा गाळा घ्या. शाळेतले सर म्हणाले जमीन घ्या, जमीन खात नाही आणि पीत नाही. उंटावरून शेळ्या हाकायला पैसे थोडेच पडतात! आणि सर्वांत उंच उंटावर मी. आमचे नंदावे, म्हणजे नणंदेचे यजमान, जागांची दलाली करतात. त्यांना मी फोन केला. नंदावे म्हणाले, “वहिनी, माझ्याकडे सोनं आहे सोनं! दोन मजली इमारत, चार बिऱ्हाडं, चारही भरलेली, भाडं बाजारापेक्षा चढं. तुमच्या शेजाऱ्यांना दाखवू?” आणि जरा थांबून, “व्यवहार झाला तर तुम्हाला नवा मिक्सर.”

माझा जुना मिक्सर ओरडायचा फार. एवढंच म्हणते.

रविवारी सकाळी आम्ही गेलो. सेकंदराव, वहिनी, नंदावे आणि मी. शहराच्या कडेची इमारत, ताजा पिवळा रंग. चारही दारं आमच्यासाठी उघडी. पहिल्या घरात नवरा-बायको, दुसऱ्यात एक म्हातारी आणि तिची लेक, वरच्या दोन घरांत अशीच हसरी माणसं. सगळीकडे पाणी विचारलं, चहा विचारला. म्हातारीला मी विचारलं, “पाण्याचं कसं काय?” “भरपूर!” शेजार कसा? “देवमाणसं!” चारही घरांत हेच उत्तर. नंदाव्यांनी भाडेकराराचे कागद पंख्यासारखे उघडून दाखवले.

पण सेकंदराव कागद बघतच नव्हते. पहिल्या घरात त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग खिशातल्या घड्याळाकडे. दुसऱ्या घरात तेच. वर गेलो तेव्हा ते जिना चढत नव्हते, तरंगत होते. चौथ्या घरातून बाहेर आले आणि कठडा धरून उभे राहिले. डोळ्यांत पाणी.

“काय झालं हो?” वहिनी घाबरल्या.

“चारही,” ते म्हणाले. “एक गोल, एक चौकोनी, एक लाकडी आणि एक माशाच्या आकाराचं. चार वेगळी माणसं, चार वेगळी घड्याळं. आणि सेकंदाला सेकंद जुळतंय. माझ्या आयुष्यात असं बघितलं नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “शेजारीणबाई, वेळ अशी पाळणारी माणसं भाडं चुकवणार नाहीत. घेतली ही जागा.”

नंदाव्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं: शनिवारी टोकन. मी मनातल्या मनात मिक्सरचा रंग निवडला.

परतीच्या वाटेवर वहिनी मागे वळून वळून इमारतीकडे बघत होत्या. घरी येऊन चपला काढता काढता एवढंच म्हणाल्या, “कोणा जाणकाराला दाखवू या का आधी?”

“मी बघितली ना!”

“तुम्ही घड्याळं बघितलीत.”

“आता फी कोणाला कशाला द्यायची? नुसतं बघायचे पैसे!”

मी दारातच उभी होते. अशा वेळी मला घरी जायचं सुचत नाही. वहिनी आयुष्यात कधी आवाज चढवत नाहीत. तेव्हाही चढवला नाही. त्यांनी नुसतं दारातून दिसणाऱ्या दुकानाच्या काचेकडे बोट केलं. मोबाइलवाल्याने अजून ती पाटी काढली नव्हती.

“चाळीस वर्षं लोकांकडून उघडणावळ घेतलीत,” त्या म्हणाल्या. “कोणी कुरकुर केली की त्याला सुनावलंत. आता द्यायची पाळी तुमची आली, तर झाकण न काढताच घेणार?”

सेकंदराव खाटेवर बसले. बराच वेळ पाटी वाचत राहिले, जणू दुसऱ्याच कोणीतरी लिहिली होती.

मंगळवारी आम्ही सल्लागारबाईंकडे गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण हात दाखवून अवलक्षण झालं तर सावरायला कोणीतरी नको? ही बाई भाड्याने द्यायच्या जागा घेणाऱ्यांना सल्ला देते, जागेची तपासणी करते, आणि व्यवहार होवो न होवो, आपली ठरलेली फी घेते. दलाली घेत नाही. एका बेकरीच्या वर तिची खोली: एक टेबल, तीन खुर्च्या, फायलींचं कपाट, आणि भिंतीवर घड्याळ. मी आधी सेकंदरावांकडे बघितलं. त्यांचे ओठ घट्ट मिटले.

“सात मिनिटं मागे,” ते माझ्या कानात म्हणाले. “जिला स्वतःचं घड्याळ नीट ठेवता येत नाही, ती माझं काय बघणार?”

बाईंनी ऐकलं. “ते माझं नाही काका, जागेबरोबर आलंय. मीही भाडेकरूच आहे. बसा. मावशी, तुम्हीही बसा.” वयाने माझ्याहून फार तर सहा वर्षांनी लहान असेल, आणि मला मावशी! मी त्या क्षणीच ठरवलं की ही बाई काही कामाची नाही.

तिने जागेबद्दल काही विचारलंच नाही. विचारलं ते असं: “महिन्याला घरखर्च किती? औषधं धरून? हे पैसे गेले तर मागे दुसरं काय आहे?”

“काही नाही,” सेकंदराव म्हणाले.

“चारातलं एक घर तीन महिने रिकामं राहिलं तर भागेल? दोन राहिली तर? गच्ची गळली, नळ फुटला, तर धावायचं कोणी? कर, विमा, रंगरंगोटी, हे भाड्यातून वजा केलंय का?”

एकेक प्रश्नागणिक सेकंदराव खुर्चीत खाली खाली सरकत होते. पण मी त्यांच्याशेजारी बसले होते म्हणून दिसलं, ते घाबरून सरकत नव्हते. वाकून बघत होते. तोच विहिरीवरचा चेहरा. कोणीतरी त्यांच्या आयुष्याचं झाकण अलगद काढलं होतं, आणि आतलं एकेक चाक त्यांना पहिल्यांदा दिसत होतं.

“आता जागा सांगा,” बाई म्हणाल्या. “तुम्ही घड्याळ उघडता तसं सांगा. आधी काय दिसलं, मग काय.”

सेकंदरावांना चेव आला. त्यांनी रंग सांगितला, जिना सांगितला, आणि मग घड्याळांवर आले. गोल, चौकोनी, लाकडी, मासा. हात हवेत फिरवून फिरवून सांगितलं. थरथर विसरले. बाई लिहीत होत्या. ‘सेकंदाला सेकंद’ म्हटल्यावर त्यांचं पेन थांबलं.

“काका, आजवर किती घरांत गेला असाल?”

“शेकडो. हजारही असतील.”

“त्यांत घड्याळं जुळलेली घरं किती बघितलीत?”

“एकही नाही. माझं सोडून.”

“तुमची का जुळतात?”

“कारण मी रोज सकाळी स्वतः...” ते बोलायचे थांबले.

खाली बेकरीत कोणीतरी पत्र्याचे ट्रे एकावर एक ठेवत होतं, तेवढाच आवाज. बाईंनी त्यांना घाई केली नाही. मला मात्र राहवेना. मी तोंड उघडलं, तर तिने हात वर करून मला थांबवलं. मला! असं धाडस आजवर माझ्या सासूनेही केलेलं नव्हतं.

“एकाच हाताने लावलेली आहेत,” सेकंदराव शेवटी म्हणाले. आवाज अगदी बारीक. “चारही. एकाच माणसाने. एकाच दिवशी.”

“असेल किंवा नसेल,” बाई म्हणाल्या. “मी बघितल्याशिवाय बोलत नाही. विकणाऱ्याकडून दोन वर्षांची विजेची बिलं मागवते. गुरुवारी दुपारी आपण जाऊ, न कळवता.” मग माझ्याकडे वळल्या. “मावशी, तुम्ही चौघांशी बोललात ना? शेजाऱ्यांबद्दल काय म्हणाले?”

“सगळे चांगलंच म्हणाले. देवमाणसं आहेत म्हणे.”

“चारही घरं?”

“चारही...” आणि माझ्या कानशिलांतून गरम वाफा निघाल्या. चार बिऱ्हाडं, एक जिना, एक पाण्याची टाकी, आणि कोणी कोणाबद्दल एक वाकडा शब्द बोललं नाही! वरच्यांची पोरं नाचतात, खालच्यांच्या चपला आडव्या येतात, काही म्हणजे काही नाही. आणि हे कोणाला कळलं नाही? मला! जी मी दोन मिनिटांत कोणाच्याही घरातलं तीन पिढ्यांचं भांडण काढून आणते! दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं. पण सेकंदराव घड्याळांत फसावेत आणि मी शेजाऱ्यांत, म्हणजे ज्याच्या त्याच्या विद्येनेच त्याला गाडलं म्हणायचं.

विकणाऱ्याने बिलं आज देतो, उद्या देतो करत शेवटपर्यंत दिली नाहीत. गुरुवारी दुपारी आम्ही गेलो. फाटक उघडं होतं, अंगणात राखणदार खुर्चीवर झोपलेला. सल्लागारबाई घरांच्या दारांकडे गेल्याच नाहीत. आधी जिन्याखालच्या वीजमीटरांसमोर उभ्या राहिल्या. चार मीटर. भिंग नाही, चिमटा नाही, दोन्ही हात पाठीमागे. “चारही घरांचे मिळून आकडे बघा,” त्या म्हणाल्या. “इमारत आठ वर्षांची आहे. तुमच्या एकट्या घरात याहून जास्त वीज एका वर्षात लागते.”

मग पायपुसणी. एक उचलून उलटं केलं: मागे किमतीचं लेबल. दुसरं: लेबल. पत्रपेट्यांच्या फटीत कोळ्याने घर केलेलं. मागच्या बाजूला कपडे वाळवायच्या तारा, आणि त्यांवर कुठेही चिमट्यांनी घासल्याची खूण नाही. स्वयंपाकघरांच्या खिडक्यांबाहेर भिंत स्वच्छ पिवळी. धुराचा, फोडणीचा एक ओघळ नाही. ती एकेक गोष्ट दाखवत होती, कुठे आवाज नाही, कुठे नाटक नाही. मी चाळीस वेळा बघूनही जे मला दिसलं नसतं, ते तिने बोट ठेवलं की लख्ख दिसायचं, आणि एकदा दिसलं की इमारत पुन्हा पहिल्यासारखी दिसायची नाही. मी तोंडात बोट घालून तिच्या मागे मागे. मावशी म्हटल्याचा राग कधी गेला, कळलंच नाही.

सेकंदराव तळमजल्यावरच्या पहिल्या दाराशी गेले. कडी वाजवली. कोणी आलं नाही. त्यांनी दाराला कान लावला. मग दुसऱ्या दाराला. मग हळूहळू जिना चढून वर गेले. आम्ही खाली उभ्या राहून ऐकत होतो. एक दार. मग पावलं. मग दुसरं दार. खाली आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

“आत कोणी नाही,” ते म्हणाले. “चारही घरांत कोणी नाही. घड्याळं मात्र चालतायत.”

भर दुपारी, कडक उन्हात, माझ्या अंगावर काटा आला. ती रिकामी घरं, मिटलेली दारं, आणि आत भिंतीवर चार घड्याळं कोणासाठी तरी अचूक वेळ दाखवत बसलेली.

आमच्या कुजबुजीने राखणदार जागा झाला. बाईंनी त्याला शांतपणे विचारलं, “भाडेकरूंच्या घरांच्या किल्ल्या कोणाकडे असतात हो?” तो झोपेतच होता. कमरेच्या जुडग्यावर हात ठेवून म्हणाला, “माझ्याकडेच की.” मग त्याच्या ध्यानात आलं, आणि तो खुर्चीत परत बसला. बिचारा काही वाईट नव्हता. त्याने सगळं सांगून टाकलं. इमारतीला पाणी चढत नाही. लोक येतात, महिनाभर बादल्या वाहतात, जातात. रविवारी आलेली माणसं मालकाच्या नात्यातली. सामान, पडदे, पायपुसणी आदल्या दिवशी टेम्पोतून आली. वरची टाकी दाखवण्यापुरती भरलेली. “आणि घड्याळं?” सेकंदरावांनी विचारलं. “ती मीच लावली,” तो म्हणाला. “मालक म्हणाले घर घरासारखं दिसायला हवं. मोबाइलमध्ये बघून चारही नीट लावली. का, चुकली का?”

“नाही,” सेकंदराव म्हणाले. “तेवढं एकच चुकलं नाही.”

तिथून सरळ ते बेकरीवरच्या खोलीत आले. खिशातून पाकीट काढून फी टेबलावर ठेवली, ठरल्यापेक्षा थोडी जास्तच. बाईंनी जास्तीचे परत सरकवले.

“काका, मी तर तुम्हाला काही मिळवून दिलं नाही. जागा गेली.”

“तुम्ही बघितलंत,” ते म्हणाले. “चाळीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो. आज पहिल्यांदा पटलं की ते बरोबर सांगत होतो.” मग भिंतीकडे बघितलं. हात वर गेला, घड्याळापर्यंत पोहोचला, आणि परत खाली आला. “राहू द्या. सात मिनिटं मागेच बरं आहे.”

नंदाव्यांना मी फोनवर असं काही सुनावलं, की मी तीन वर्षं केलेल्या त्यांच्या पाहुणचाराचं उट्टं निघालं. ते शपथ घेऊन म्हणतात, त्यांनाही ठाऊक नव्हतं. असेलही. त्यांनी खोटं सांगितलं नसेल. त्यांनी उघडून बघितलं नव्हतं. मीही कुठे बघितलं होतं? जुना मिक्सर अजून ओरडतो. प्रत्येक वेळी मला काय ऐकू येतं ते मी सांगणार नाही.

पुढचे पाच महिने बाईंनी तीन जागा बघितल्या आणि तिन्ही नाकारल्या. चौथी लहानशी होती: खाली शिंप्याचं दुकान, वर दोन बिऱ्हाडं. रंग उडालेला, जिना कुरकुरणारा. बाईंनी दोन दिवस घालवले. दोष सतरा निघाले, ते कागदावर लिहून किंमत कमी करून घेतली, आणि म्हणाल्या, “काका, ही घ्या. भाडं कमी आहे, पण खरं आहे. एक घर सहा महिने रिकामं राहिलं तरी तुमचं भागेल. आता तुम्ही एकदा बघून या.”

बघायला अर्थातच मीही होते. वरच्या पहिल्या घरातल्या नर्सबाईंनी मला दारातच गाठलं आणि पलीकडच्या पेटी शिकवणाऱ्या मास्तरांचे शिष्य सकाळी सहाला कसं केकाटतात ते सांगितलं. मास्तरांनी नर्सबाई रात्रपाळीहून येऊन भांडी कशी आपटतात ते सांगितलं. खालच्या शिंप्याने दोघांचं सांगितलं. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! मी वहिनींना डोळ्यांनी खुणावलं: घ्या, बिनधास्त घ्या.

सेकंदराव मात्र घड्याळं बघत होते. नर्सबाईंचं अकरा मिनिटं पुढे, ड्यूटी चुकू नये म्हणून. मास्तरांचं चार मिनिटं मागे. शिंप्याचं सव्वातीनला कधीचंच बंद, आणि त्याच्या काट्यावर मोजपट्टी लटकवलेली. ते घराघरातून फिरले तसे त्यांचे डोळे मोठे होत गेले. पिवळ्या इमारतीत आले होते तसंच पाणी आलं डोळ्यांत. पण या वेळी कठडा धरला नाही. जिन्यात मधोमध उभे राहिले, मान किंचित तिरकी करून. वर पेटी, खाली शिलाईचं मशीन, मध्ये नर्सबाईंच्या कुकरची शिट्टी. काहीच जुळत नव्हतं, आणि ते त्या कलकलाटात असे उभे होते जसे दुपारी बाराला दुकानात उभे राहायचे.

“इथे माणसं राहतात,” ते वहिनींना म्हणाले.

सही करताना हात फार थरथरला. नोंदणीच्या टेबलामागचा माणूस म्हणाला, “सावकाश करा.” वहिनींनी त्यांच्या मनगटाखाली नुसता आपला हात ठेवला. सही वेडीवाकडी आली, पण आली.

आता पहिल्या तारखेला ते भाडं आणायला जातात. परवा शिंपी काट्यावरची मोजपट्टी काढत म्हणाला, “अहो मालक, तुम्ही घड्याळजी ना? एवढं आमचं चालू करून द्या की.”

सेकंदरावांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. अगदी त्या सल्लागारबाईंसारखे.

“चालू करायला आधी उघडावं लागेल,” ते म्हणाले, “आणि उघडायचे पैसे वेगळे पडतील.”

शिंप्याने हात जोडले. मोजपट्टी परत काट्यावर लटकवली. सव्वातीन वाजलेलेच राहिले.